डॉक्टरांनी थेट इक्सी सांगितलंय, आधी आययूआय करून बघावं का? (सातारा)

रानजाई
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात शिक्षिका आहे, वय ३६, मिस्टर ३९, एमआयडीसीत नोकरीला. लग्नाला बरीच वर्षं झाली. इतके दिवस सगळी तपासणी माझीच चालली होती, थायरॉईड, पाळी, नळ्यांचा फोटो, सगळं नॉर्मल, तरी दर वेळी नवीन गोळ्या मलाच. आता ज्या नव्या मॅडमकडे जातोय त्यांनी पहिल्याच भेटीत मिस्टरांच्या वीर्याचा रिपोर्ट करायला लावला. शुक्राणूंचा काऊंट दर मिलीला ३० लाख, पुढे जाणारे १० टक्के, नमुना २ मिली. त्या म्हणाल्या की आययूआयमध्ये (शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडतात ते) वेळ घालवू नका, थेट इक्सी (लॅबमध्ये सुईनं शुक्राणू बाईच्या बीजात घालतात ती) करू.

मला प्रश्न असा आहे की एवढी घाई बरोबर आहे का? आययूआय स्वस्त पडतं, आधी ते करून बघावं का? आणि इक्सीत नक्की करतात काय, बाळाला काही त्रास तर होत नाही ना? मॅडम चांगल्या आहेत पण बाहेर एवढी गर्दी असते की आत गेल्यावर विचारायचं ते सगळं विसरायला होतं. घरी सासूबाईंना वाटतंय की यात दुसऱ्या कुणाचं तरी घालतात. त्यांना काय सांगू?

वाईचा_घाट
ताई, आमचा काऊंट तुमच्यापेक्षा बरा होता तरी आययूआयनं झालं नाही. शेवटी इक्सीनंच झालं, मुलगी आता बालवाडीत जाते. दोघांनी बसून निवांत ठरवा, घाबरू नका.

कृष्णाकाठ
मी सांगलीचा. माझं मत थोडं कडक आहे. आजकाल ज्याला त्याला इक्सीच सांगतात. आमच्या नात्यात एका जोडप्याचे दोघांचे रिपोर्ट स्वच्छ होते तरी इक्सी केली, का केली ते त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. विचारलं तर उत्तर काय, तर 'त्यात रिझल्ट चांगला येतो'. लाखाच्या घरातला खर्च आहे हा, शेतकऱ्याच्या घरात एवढ्यासाठी ऊसबिलाची वाट बघतात. दुसरं मत घ्या, मगच पुढं जा.

मिरजेची_लॅबवाली
मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे बीज आणि शुक्राणू यांचं लॅबमधलं काम माझ्याकडे असतं. तुमच्या डॉक्टरांची जागा मला घ्यायची नाही, पण आकडे समजून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दर मिलीला १ कोटी ६० लाख आणि पुढे जाणारे ३० टक्के अशी धरलीय. ही मर्यादा म्हणजे पास-नापास नव्हे, याच्या खाली असूनही घरच्या घरी मूल झालेली जोडपी असतात. पण तुमचा हिशोब करू. ३० लाख गुणिले २ मिली म्हणजे ६० लाख, त्यातले पुढे जाणारे १० टक्के म्हणजे ६ लाख. आययूआयला आम्ही नमुना धुतो, चांगले हलणारे वेगळे काढतो आणि ते बारीक नळीनं गर्भाशयात सोडले जातात. तिथून पुढचा नळीपर्यंतचा प्रवास आणि बीजात शिरणं ही दोन्ही कामं त्यांनाच करायची असतात. त्यासाठी धुतल्यानंतर हलणारे ५० लाखांच्या आसपास तरी हातात असावेत असं बरेच डॉक्टर बघतात. तुमच्याकडे धुण्याआधीच ६ लाख आहेत. म्हणून मॅडम आययूआय नको म्हणाल्या असणार, त्यात पैसे उकळायचा डाव मला तरी दिसत नाही.

कृष्णाकाठ दादांचा मुद्दा मात्र मला पटतो, त्यावर नंतर लिहिते, आता ड्यूटी आहे.

रानजाई
ताई खूप खूप आभार, हा हिशोब मला आजवर कुणी मांडून दाखवला नव्हता. आता तेवढं इक्सीत हातानं नक्की काय करतात ते पण सांगा ना. सासूबाईंना समजेल असं.

तालमीतला_गडी
लॅबवाली ताई येईपर्यंत माझं एक ऐका, सगळ्या पोरांसाठी सांगतोय. आमच्याकडं तालमीतनं जिममध्ये गेलेली लय पोरं बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मारत्यात. त्यांना वाटतं मर्दानी ताकदीचं औषध आहे. उलटं होतंय! बाहेरनं ते हार्मोन मिळालं की मेंदूकडनं वृषणाला जाणारा हुकूम बंद पडतो आणि शुक्राणू तयार व्हायचे थांबतात. आमच्या चुलत भावाचा रिपोर्ट चक्क शून्य आला. इंजेक्शन बंद केलं, कोल्हापूरला युरॉलॉजिस्टकडं उपचार घेतले, काही महिन्यांनी काऊंट परत आला, आता त्याचं पोरगं रांगतंय. सगळ्यांचा असा परत येईलच असं नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून जिवावर येऊन सांगतोय. पैलवानकीला दूध, बदाम, जोर-बैठका पुरं आहेत की. आणि मावा, गुटखा, सिगारेट पण सोडा, त्यानं पण काऊंटवर परिणाम होतो.

अजून एक. नमुना द्यायची खोली. एका लॅबमध्ये मला जिन्याखालच्या संडासात पाठवलं, कडी लागत नव्हती, बाहेर माणसं रक्त द्यायला रांगेत. माणूस नमुना देणार कसा? घर जवळ असेल तर विचारा, घरून आणलेला चालतो, फक्त डबी लॅबचीच घ्यायची, तासाभराच्या आत पोचवायची आणि येताना अंगाजवळ धरायची, थंड पडू द्यायची नाही. भाऊ गाडीवर डबी शर्टात घालून निघाला तर नेमकी वरात आडवी आली, नवरदेवापेक्षा ह्याचीच घाई जास्त.

वाईचा_घाट
वरात 😂 आमच्यात पोवई नाक्यावर सिग्नल लागला होता.

मिरजेची_लॅबवाली
आले. नीट सविस्तर लिहिते.

बाईला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस पोटावर इंजेक्शनं असतात. एरवी महिन्याला एक बीज पिकतं, इथे एकाच वेळी बरीच वाढवायची असतात. मध्ये मध्ये सोनोग्राफी. बीजं पुरेशी मोठी झाली की एक शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनीमार्गे सुईनं ती बाहेर काढतात. पोट फाडत नाहीत, टाके नसतात, बहुतेक जणी संध्याकाळी घरी जातात.

मग आमचं काम. बाहेर आलेल्या बीजाभोवती पेशींचं ढगासारखं आवरण असतं, ते एन्झाइमनं सोडवून घेतो. आता बीज स्वच्छ दिसतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं गोल, आणि पिकलेलं असेल तर त्याच्या कडेला एक बारीक गोळी चिकटलेली असते, तिला पोलर बॉडी म्हणतात. ती दिसली तरच ते बीज इक्सीला घ्यायचं. सगळी काही पिकलेली नसतात, म्हणून 'बीजं इतकी निघाली आणि इंजेक्ट एवढीच का केली' असं वाटलं तर हे कारण असतं.

दुसरीकडे शुक्राणू एका चिकट द्रावणाच्या थेंबात ठेवतो, त्यात ते हळू होतात आणि त्यांचा आकार, चाल बघता येते. एक निवडायचा. काचेच्या सुईनं त्याची शेपटी दाबून त्याला थांबवायचं, मग शेपटीकडून सुईत ओढून घ्यायचं. डाव्या बाजूच्या काचेच्या नळीनं बीज हलकंसं धरून ठेवलेलं असतं. पोलर बॉडी घड्याळातल्या १२ वर किंवा ६ वर येईल असं ते फिरवायचं आणि सुई ३ वरून आत घालायची, कारण गुणसूत्रं त्या गोळीच्या जवळपास असतात आणि त्यांना सुई लागू नये. बीजाचा पडदा पटकन फुटत नाही, सुईबरोबर आत ओढला जातो, मग अगदी हलकं खेचलं की सुटतो, तो क्षण हाताला नाही, डोळ्यांना कळतो. शुक्राणू आत सोडायचा आणि सुई बाहेर. एका बीजात एकच शुक्राणू. झालं.

१६ ते १८ तासांनी बघायचं. आत दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसली, एक आईकडचं एक वडिलांकडचं, की बीज फळलं. चांगल्या लॅबमध्ये इंजेक्ट केलेल्या दहापैकी सहा ते आठ फळतात. त्यातलेही सगळे पाचव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत. पोचलेल्यातून गर्भ निवडून गर्भाशयात सोडतात, उरलेले गोठवतात. पुढे साधारण दोन आठवड्यांनी दिवस राहिले का ते बघायला बीटा एचसीजी रक्ततपासणी.

सासूबाईंना सांगा की नमुना तुमच्या मुलाचाच असतो. दात्याचा वापरायचा तर नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते, २०२१ च्या एआरटी कायद्यात (अशा उपचारांसाठीचा कायदा) तसं आहे. डबीवर, डिशवर दोघांची नावं असतात आणि प्रत्येक टप्प्याला दुसरा माणूस नावं मोठ्यानं वाचून ताडून बघतो. तुमच्या सेंटरला हे बिनधास्त विचारा, चांगलं सेंटर रागावत नाही. सेंटर त्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते पण विचारा.

रानजाई
ताई, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. दोन केंद्रकांपाशी थांबवून परत वाचायला लावलं त्यांनी. 'म्हंजे आमच्याच घरचं' म्हणाल्या 🙏

आक्का_कराड
माझं वय साठीच्या पुढं. पोरी, तू लिहिलंस ना 'सगळी तपासणी माझीच', त्यावर माझा जीव तुटला. आमच्या काळात मूल नाही म्हटलं की बाईला वांझ म्हणायचे, डोहाळजेवणाला, बारशाला बोलवायचे नाहीत, ओटी भरून घ्यायचे नाहीत. माझ्या मोठ्या जावेला दवाखान्यात नेलं, पालीच्या खंडोबाला नेलं, कुणीकुणी सांगितलं म्हणून अंगारे झाले, शेवटी सवत आणली. सवतीलाही मूल नाही. तरी दीरांची तपासणी कुणी केली नाही. जाऊबाई गेल्या तशाच, नावाला बट्टा घेऊन. देवाला जा, मीपण जाते, पण पहिली तपासणी दोघांची एकाच दिवशी करा. ती तर सगळ्यात सोपी तपासणी, सुई नाही की काही नाही.

कोरेगावची_सून
आक्का, तुमचं वाचून रडू आलं.

आमच्या ह्यांच्या नमुन्यात शुक्राणू अजिबातच नव्हते. मी समजले संपलं सगळं. पण डॉक्टरांनी सांगितलं की नसण्याचे दोन प्रकार असतात, एक तयारच होत नाहीत आणि दुसरा म्हणजे तयार होतात पण वाट बंद असते. ह्यांची वाट बंद होती. मग थोडी भूल देऊन वृषणातून सुईनं काढले आणि तेच इक्सीला वापरले. असे काढलेले फार थोडे असतात आणि नीट पोहतही नाहीत, त्यामुळे इक्सी नसती तर आम्हाला मार्गच नव्हता. पहिल्यांदा जमलं नाही, नंतर झालं. मुलगा पहिलीत आहे, दंगा एवढा करतो की शेजारीण तक्रार करते.

हळदगल्ली
थोडं विषयांतर. ही इक्सी निघाली ब्रुसेल्समध्ये, जानपिएरो पालेर्मो नावाचे डॉक्टर तिथे काम करत होते. त्यांचा प्रयत्न शुक्राणू बीजाच्या बाहेरच्या कवचाखाली सोडायचा होता, एकदा सुई चुकून आतच गेली आणि ते बीज फळलं. या पद्धतीची पहिली बाळं १९९२ सालची.

आणि आपल्या देशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असावी. पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडची, २५ जुलै १९७८. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. सरकारी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, बदल्या केल्या, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षाचा जन्म झाला, तीच बरीच वर्षं भारताची पहिली म्हणून धरली गेली. मुखोपाध्यायांचं काम नंतर जगापुढं आलं ते ज्यांनी हर्षाच्या वेळी काम केलं त्या टी. सी. आनंद कुमारांमुळेच, स्वतःचा पहिला नंबर सोडून त्यांनी ते मांडलं. एवढा मोठा मनाचा माणूस.

नवीन_सदस्य_सांगली
एक विचारायचं होतं. इक्सीत निवडूनच घालतात तर मुलगाच होईल असं बघता येतं का? आधीच्या दोन मुली आहेत.

आक्का_कराड
दोन लेकी आहेत ना घरात? त्यांना जवळ घेऊन बस जरा.

मिरजेची_लॅबवाली
नाही. लिंग निवडणं हा गुन्हा आहे, १९९४ च्या गर्भलिंग निदान बंदी कायद्यानंही आणि एआरटी कायद्यानंही, विचारणाऱ्यावर आणि करणाऱ्यावर दोघांवर. मायक्रोस्कोपखाली बघून शुक्राणू मुलाचा की मुलीचा हे कळतही नाही. ज्यांना मूल नाही त्यांच्या धाग्यावर हा प्रश्न वाचून फार वाईट वाटलं.

कृष्णाकाठ
लॅबवाली ताई, माझ्या मुद्द्यावर लिहिणार होता.

मिरजेची_लॅबवाली
हो दादा. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल तर साधं आयव्हीएफ, म्हणजे बीजाभोवती हजारो शुक्राणू सोडायचे आणि एक आपणहून शिरू द्यायचा, हे तेवढंच चालतं. व्हिएतनाममध्ये यावर मोठी चाचणी झाली, १०६४ जोडपी, काऊंट आणि हालचाल नॉर्मल असलेली, अर्ध्यांना इक्सी अर्ध्यांना साधं. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. जिवंत बाळ होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक निघाला नाही. तेव्हा रिपोर्ट चांगला असताना कुणी इक्सी सांगितली तर 'का?' हे विचारायलाच पाहिजे. इक्सी शुक्राणूची अडचण सोडवते. बीजाचं वय ती कमी करत नाही, गर्भ रुजवतही नाही. रानजाई ताईंच्या बाबतीत मात्र अडचण शुक्राणूचीच दिसतेय.

कृष्णाकाठ
पटलं. ताईंच्या केसमध्ये माझा विरोध मागे.

रानजाई
आणि बाळाचं? मला रात्री झोप लागत नाही त्या विचारानं.

मिरजेची_लॅबवाली
जन्मजात दोषाचं प्रमाण अशा बाळांत थोडं जास्त आढळतं, पण बहुसंख्य बाळं धडधाकट असतात. त्या जास्तीतला काही भाग सुईमुळे नसून मुळात ज्या कारणानं काऊंट कमी आहे त्यामुळे असतो. काऊंट ५० लाखांच्या खाली असेल तर बरेच डॉक्टर नवऱ्याची गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, आणि वाय गुणसूत्राचा तुकडा गळलाय का ही तपासणी सांगतात. तुकडा गळलेला असेल तर मुलगा झाल्यास त्याच्याकडे तीच अडचण जाते. हे आधी कळलेलं बरं. मॅडमना विचारा.

आणि एक राहिलं. रिपोर्ट एकच केलाय का? त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत ताप वगैरे?

रानजाई
एकच केलाय. आणि हो, गणपतीत मिस्टरांना डेंग्यू झाला होता, आठवडाभर ॲडमिट. रिपोर्ट दसऱ्याच्या आसपासचा. याचा संबंध असतो??

मिरजेची_लॅबवाली
असतो! शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मोठ्या तापाचा फटका तेवढा काळ रिपोर्टमध्ये दिसू शकतो. एका रिपोर्टवर एवढा मोठा निर्णय घ्यायचा नाही, पुन्हा करा. २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, आणि शक्यतो त्याच लॅबला.

तालमीतला_गडी
बघा, मॅडमना डेंग्यूचं सांगितलंच नसणार कुणी.

वाईचा_घाट
पण वय ३६ आहे ताईंचं. थांबत थांबत वर्ष घालवू नका. आमच्या वेळी 'काऊंट वाढू दे' म्हणत नुसत्या पावडरी खाल्ल्या.

मिरजेची_लॅबवाली
बरोबर. रिपोर्ट पुन्हा होईपर्यंत ताईंचं एएमएच (बीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीत बीजांची मोजणी करून ठेवायची, मिस्टरांनी युरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) आहे का ते बघून घ्यायचं. दोन-तीन महिने चालतील, त्याहून जास्त नको.

कोरेगावची_सून
खर्चाचं पण लिहिते. 'पॅकेज' म्हटलं की लेखी मागा. इंजेक्शनं त्यात आहेत का, भूल धरलीय का, गोठवायचे पैसे आणि पुढचं ट्रान्सफर (गर्भ आत सोडणं) वेगळं का. आम्हाला सांगितलेल्या आकड्यात इंजेक्शनं नव्हती आणि तीच सगळ्यात महाग.

रानजाई
मंडळी, संक्रांत झाली, उशिरा लिहितेय. तुमच्या सांगण्यावरून मॅडमना डेंग्यूचं सांगितलं, त्यांनीच म्हटलं थांबू आणि पुन्हा करू. दुसरा रिपोर्ट आला. काऊंट ४५ लाख, पुढे जाणारे १४ टक्के. म्हणजे सुधारलाय, पण आययूआयला पुरेल एवढा नाही. व्हेरिकोसील नाही. कॅरिओटाइप आणि वायची तपासणी दोन्ही नॉर्मल. माझं एएमएच वयाच्या मानानं ठीक. दोघांनी ठरवलंय, इक्सी करायची. मिस्टर आता स्वतः फाइल घेऊन पुढं बसतात, सगळे प्रश्न तेच विचारतात.

पुढच्या पाळीला इंजेक्शनं सुरू होतील. सेंटर पुण्यात आहे, इंजेक्शनं आठवड्याची एकदम देणार. मी एसटीनं येते, तीन तास तरी जातात. फ्रीजमधली औषधं टिकतील का?

मिरजेची_लॅबवाली
टिकतात. तोंड रुंद असलेला थर्मास घ्या, तळाला आइस पॅक, वर जाड नॅपकिन, त्यावर इंजेक्शनं, बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं तर औषध वाया. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको आणि फ्रीझरच्या खाली चिकटून पण नको. रोज एकाच वेळेला घ्यायचं. आणि शेवटच्या इंजेक्शनाला मिनिटाचीही ढिलाई नको, ते रात्री उशिराचं असतं आणि पिकअपची (बीजं बाहेर काढायची) वेळ त्यावरून मोजतात. दोघांच्या मोबाइलला गजर लावा.

कोरेगावची_सून
आणि पिकअपच्या दिवशी एसटी नको, खंबाटकीत अडकलात तर पंचाईत. आदल्या रात्री पुण्यात कुणाकडे तरी जा. माझी बहीण वारज्यात राहते, हायवेलाच. लागलं तर मेसेज करा.